टॅपेट सेट करूनही परत येणारी टिकटिक : जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचा आवाज नेमका कुठून येतो हे कसं शोधायचं

माझ्या जुन्या १२५ सीसी गाडीला एका वर्षात तीनदा तोच आवाज लागला. टिकटिकटिक, शिलाई मशीन चालावी तसा, हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वर बसणाऱ्या व्हॉल्व्हच्या भागाच्या बाजूने. तीनही वेळा मी टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली बारीक फट (गॅप) मापात आणली. पहिल्या वेळी फरक पडला, कारण गॅप खरोखर वाढली होती. दुसऱ्या वेळी जेमतेम पडला. तिसऱ्या वेळी आवाज घालवायचाच या हट्टाने मी गॅप मॅन्युअलमधल्या मापापेक्षा कमी ठेवली आणि टिकटिक बरीच दबली. दोन महिन्यांत गाडी गरम झाल्यावर चालू व्हायला त्रास देऊ लागली, किक हलकी लागू लागली. हेड उतरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळालेली. काम झालं, परत बसवताना सायलेन्सरच्या बेंड पाइपला नवी पॅकिंग टाकली आणि टिकटिक गेली ती गेलीच. जुनी पॅकिंग निरखून पाहिली तेव्हा तिच्या एका कडेला काजळीची काळी रेघ होती. गॅस तिथून सुटत होता. एक पॅकिंग बदलायची होती, तिथे एक चांगला व्हॉल्व्ह गेला.

परत परत येणाऱ्या आवाजाची गोष्ट बहुतेक वेळा अशीच असते. आवाज ऐकल्याबरोबर आपण एखाद्या भागाचं नाव घेतो, त्या भागाचं काम करतो, थोडा फरक जाणवतो, आणि मूळ कारण तिथेच राहतं. टिकटिक टॅपेटची असते, गॅस सुटण्याची असते, सैल प्लगचीही असते. आवाज कसा आहे याने फार तर दिशा कळते. तो कधी येतो, कधी थांबतो आणि कशाने बदलतो, हे पाहिलं की भाग सापडतो.

खाली जे लिहितो आहे ते एअर-कूल्ड, कार्बोरेटरच्या, फोर-स्ट्रोक सिंगल सिलिंडर गाड्या डोळ्यांसमोर ठेवून. इंजिन चालू ठेवून तपासायचं असेल तर गाडी उघड्यावर घ्या. बंद जागेत धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वासही नसतो.

इंजिन खोलण्याआधी

सर्वात आधी ऑइल. गाडी सपाट जागी, सरळ उभी. डिपस्टिक आटे फिरवून बसवायची की नुसती टेकवून पाहायची हे गाडीगाडीनुसार वेगळं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघा, कारण एवढ्याशा फरकाने पातळी चुकीची वाचली जाते. जुनं इंजिन ऑइल पितं. ऑइल कमी झालं की त्याची झळ वर हेडला लवकर लागते आणि टॅपेट, रॉकर, कॅम सगळेच वाजायला लागतात. ऑइल भरून आवाज गेला, तर पुढचा प्रश्न टॅपेटचा उरत नाही. ऑइल कुठे जातंय हा उरतो. ऑइलवर जासो एमए (मोटारसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं असावं. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो आणि कारसाठीच्या काही ऑइलमधल्या निसरड्या घटकांमुळे तो घसरतो.

मग इंजिनाच्या बाहेरचे आवाज. जुन्या गाडीत इंजिनाचे म्हणून सांगितले जाणारे कितीतरी आवाज इंजिनाचे नसतात. गाडी स्लोवर चालू ठेवून सायलेन्सरचं कव्हर, चेन कव्हर, हॉर्नची पट्टी, साइड स्टँड, लेग गार्ड, टाकी एकेक करून हाताने दाबून धरा. सायलेन्सरच्या कव्हरला हातमोजा किंवा जाड फडकं वापरा, ते भाजतं. काही इंजिनांत सिलिंडरच्या पंख्यांमध्ये रबराचे छोटे तुकडे बसवलेले असतात. ते वाळून पडले की पंखे स्वतःच झंकारतात, ठरावीक रेसलाच, आणि ऐकणाऱ्याला वाटतं पिस्टन वाजतोय. इंजिनाचे माउंटिंग बोल्टही पान्याने तपासा. नुसता बोल्ट ढिला असल्याने पायदाण्यांत येणारी धडधड मी बेअरिंगची म्हणून ऐकलेली आहे.

ढिली चेन स्विंगआर्मवर आपटते ती गाडी चालताना, खास करून रेस सोडल्यावर. उभ्या गाडीत तो आवाज येत नसेल आणि चालत्या गाडीत क्लच दाबून, इंजिन बंद करून, घरंगळतानाही येत असेल, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

आवाज कधी येतो

हे तपासायला रात्रभर थंड झालेली गाडी लागते. ‘जरा गरम करून दाखवतो’ म्हटलं की निम्मा पुरावा गेला.

पहिली किक मारल्यावर पहिली १०-१५ सेकंद काय ऐकू येतं, पाच मिनिटांनी काय, आणि अर्धा तास चालवून आणल्यावर काय, हे लिहून ठेवा. मी फोनवर रेकॉर्डही करतो, फोन दर वेळी त्याच जागी ठेवून. कान एका आठवड्यात आवाजाला सरावतो आणि मग ‘वाढलाय का तेवढाच आहे’ याचं उत्तर देता येत नाही.

दुसरी खूण फार उपयोगाची आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँक (पिस्टनने फिरणारा खालचा दांडा) दोन फेरे घेते तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट एकच घेते. सायलेन्सरमधून पडणारा ठोकाही दोन फेऱ्यांना एकच असतो. १४०० आरपीएमच्या स्लोवर क्रँक सेकंदाला २३ वेळा फिरते, तेव्हा आकडे मोजणं अशक्य आहे, पण ताल जुळवता येतो. स्लो शक्य तेवढा खाली आणा आणि सायलेन्सरच्या ठोक्यावर कान ठेवा. संशयित आवाज त्या ठोक्याच्या तालातच पडत असेल, तर तो कॅमच्या, म्हणजे वरच्या बाजूचा किंवा गॅस सुटण्याचा. एका ठोक्याला दोनदा पडत असेल, तर क्रँकच्या बाजूचा. कसल्याच तालात नसेल, नुसती खरखर असेल, तर इंजिनातली टायमिंग चेन किंवा क्लचचं घर. पिस्टनचा आवाज मात्र फसवतो. तो फिरतो क्रँकबरोबर, पण जोरात आपटतो पॉवर स्ट्रोकला, म्हणून ऐकायला एकेरीच वाटतो.

जागा शोधायला लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनावर, मूठ कानापुढच्या हाडावर. टॅपेट कव्हर, सिलिंडर, टेन्शनरचा (टायमिंग चेन ताणून ठेवणाऱ्या भागाचा) बोल्ट, क्लच कव्हर, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं वीज तयार करणारं चाक) कव्हर असं फिरत जा. सैल बाही, ओढणी, मोकळे केस चेनजवळ नकोत. धातूतून आवाज दूरवर जातो, म्हणून एका जागी मोठा ऐकू आला की थांबायचं नाही. सगळीकडे ऐकून तुलना करायची. गॅस सुटतोय का हे शोधायला मात्र स्क्रूड्रायव्हर निरुपयोगी, तिथे रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं जोडाभोवती फिरवायचं.

टॅपेट, आणि टॅपेटसारखं वाजणारं

खरी टॅपेटची टिकटिक एकसारखी, कोरडी असते. रेसबरोबर तिचा वेग वाढतो, लोडने विशेष फरक पडत नाही. लहान सिंगल सिलिंडर इंजिनांत गॅप बहुधा ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. आपल्या गाडीचं माप मॅन्युअलमधूनच घ्या, इनटेक आणि एक्झॉस्टचं वेगळं असू शकतं. इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला हवा. मॅग्नेटवरची टी खूण दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते. त्यातल्या एका वेळी व्हॉल्व्ह थोडे उघडलेले असतात. तिथे माप घेतलं तर सगळंच चुकतं. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात ना, हे आधी पाहायचं.

नीट सेट करूनही टिकटिक महिनाभरात परतली तर मी या क्रमाने जातो. लॉक नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो आणि माप बदलतं, म्हणून नट आवळल्यावर फीलर गेज (ठरावीक जाडीची मापाची पाती) पुन्हा घालून बघायचाच. तो सुरळीत, किंचित अडत सरकायला हवा. त्यानंतर रॉकरचं टोक. वर्षानुवर्षं आपटून तिथे, किंवा स्क्रूच्या टोकाला, बारीक खळगा पडतो. फीलर गेजची पाती सपाट, ती खळग्याच्या दोन्ही कडांवर टेकते आणि खळग्याची खोली मोजलीच जात नाही. गेज ०.०८ दाखवतो आणि प्रत्यक्षात गॅप त्याच्या दुप्पट असू शकते. असे टॅपेट कितीही वेळा सेट करा, वाजणारच. बॅटरीच्या उजेडात टोक पाहिलं, नख फिरवलं की खळगा कळतो, आणि मग भाग बदलण्याला पर्याय नाही. कॅमचा लोब (फुगवटा) झिजलेला, त्यावर ओरखडे असले तरी हेच होतं, आणि तेव्हा हेडपर्यंत ऑइल पोचतंय का हे पाहिल्याशिवाय नवी कॅम बसवू नका. तीही तशीच जाईल.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. टॅपेटचा थोडा आवाज असणं बरं, तो अजिबात नसणं वाईट. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर बसलेला असतो तेवढ्याच वेळात आपली उष्णता हेडला देतो. गॅप संपली की तो पूर्ण बसत नाही, तापतो, आणि एक्झॉस्टचा असेल तर जळतो. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये आत जातो आणि गॅप आपोआप कमी होते. तेव्हा वाजणारी गाडी न हात लावता शांत झाली, तर समाधान मानू नका, गॅप मोजा.

आता गॅसची टिकटिक. माझी हीच होती. थंड इंजिनात ती जोरात असते, तापलं की धातू पसरून फट मिटते आणि आवाज कमी होतो. रेस दिली की टिकटिकीची फटफट होते. बेंड पाइप हेडला जिथे जोडलेला असतो तिथे काजळी दिसते. पहिल्या मिनिटात, पाइप तापायच्या आत, जोडापाशी कागदाची पट्टी धरा, ती थरथरते. दोन्ही नट एकाच वेळी पूर्ण न आवळता आलटून पालटून थोडे थोडे आवळा, नाहीतर फ्लँज तिरकी बसते आणि नवी पॅकिंगही जळते. प्लग सैल असेल तर अशीच फुसफुस प्लगच्या बुडाशी येते. तिथे साबणाचं पाणी थंड इंजिनात लावून, गाडी चालू केल्याबरोबर बुडबुडे पाहावेत.

टायमिंग चेन

टॅपेट म्हणून खपणारा दुसरा आवाज हा. पण ही टिकटिक नसते, खरखर असते. सायकलची सैल साखळी डब्यात हलवावी तशी. सिलिंडरच्या ज्या बाजूने टायमिंग चेन, म्हणजे क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी, वर जाते त्या बाजूला ती स्पष्ट ऐकू येते, आणि रेस झटकन सोडली की वाढते.

सकाळी चालू केल्यावर दोन-चार सेकंद खरखर होऊन गप्प होत असेल, आणि टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर रात्रभरात त्यातलं ऑइल उतरलेलं असतं. तेवढ्यासाठी घाबरायचं कारण नाही, पण सेकंद मोजत राहा. पंधरा सेकंदांवर, मग मिनिटावर गेली, की टेन्शनर किंवा चेन. स्प्रिंगवाल्या टेन्शनरचा दांडा अडकून बसतो. तो काढून हाताने दाबून पाहिला की कळतं. टेन्शनर काढलेला असताना क्रँक फिरवायची नाही, चेनचा दात सुटेल. बसवतानाही दांडा आत घेऊनच बोल्ट आवळायचे. बाहेर आलेला दांडा तसाच दाबून बसवला तर चेन ताणली जाते.

नवा टेन्शनर घालूनही काही हजार किलोमीटरवर खरखर परतली, तर चेन लांबलेली आहे आणि टेन्शनर त्याच्या टोकाला पोचलाय. चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि मार्गदर्शक पट्ट्या एकत्र पाहाव्यात. नुसता टेन्शनर बदलत राहणं हे टॅपेट पुन्हा पुन्हा सेट करण्यासारखंच आहे. ही खरखर दुर्लक्ष करण्यातली नाही. चेनने दात सोडला की टायमिंग चुकतं, आणि काही इंजिनांत व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आदळतो.

खालून येणारे आवाज

थंड इंजिनात बोथट टकटक, जणू मातीच्या मडक्यावर बोटाने ठोकतंय, आणि पाच-सात मिनिटांत ती विरून जाते. हा पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या पोकळीत, डुलतोय. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून तापल्यावर ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि सिलिंडरच्या आतली लोखंडी नळी (लायनर) यांच्यामधली जागा भरून निघते. ऑइल जळत नसेल, निळा धूर नसेल, ताकद असेल, तर अशी गाडी शांतपणे चालवली तर बराच काळ साथ देते. गरम झाल्यावरही टकटक राहू लागली की बोअर मोजून घ्या.

उलट वागणारा आवाज धोक्याचा. थंड असताना कमी, ऑइल तापून पातळ झालं की वाढणारी, चढावर किंवा रेस देताना खोलवरून येणारी ठकठक. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा, म्हणजे बिग एंडचा, हा आवाज कानापेक्षा पायांना आधी जाणवतो. याची खात्री पटली की गाडी चालवू नका, ढकलून किंवा टेम्पोत घालून न्या. रॉड तुटला तर इंजिनाची केस फुटते आणि चाक जागच्या जागी अडकू शकतं. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या गजन पिनचा आवाज याहून टणक आणि हलका असतो, बऱ्याचदा लागोपाठ दोन टोले, स्लोच्या थोडं वर.

पण बिग एंडचं नाव घेऊन इंजिन फाडण्याआधी मॅग्नेटचं कव्हर उघडा. मॅग्नेटचा नट ढिला असेल किंवा त्याची चावी झिजली असेल तर ते जड चाक क्रँकच्या टोकावर डुलतं आणि हुबेहूब तशीच ठकठक करतं. दहा मिनिटांची तपासणी आहे. नट घट्ट असेल तर प्लग काढा, पिस्टन टोकाच्या थोडा खाली घ्या, आणि प्लगचं भोक सरळ वर असेल तर त्यातून पिस्टनवर लाकडी काडी टेकवून एका हाताने हलकेच धरा. दुसऱ्या हाताने पान्याने क्रँक पुढे-मागे किंचित हलवा. क्रँक हलून काडी हलायच्या आत मध्येच ‘टक’ असं मोकळं अंतर जाणवलं, तर रॉडमध्ये प्ले आहे. किक मात्र मारू नका, काडी आत मोडेल.

क्रँक ज्यावर फिरते त्या मेन बेअरिंगची असते ती घरघर. ठोके वेगळे ऐकू येत नाहीत, रेसबरोबर सूर चढतो, आणि क्रँकच्या त्या बाजूच्या कव्हरवर स्क्रूड्रायव्हर ठेवला की कानात भरते.

क्लच दाबून बघा

ही सर्वात सोपी परीक्षा, आणि हिने अर्धी यादी बाद होते. न्यूट्रलमध्ये स्लोवर खुळखुळ येतेय, क्लच दाबला की थांबते : क्लचच्या घरातल्या स्प्रिंगा किंवा रबर सैल झालेत, नाहीतर गिअरबॉक्सच्या आत येणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच सुरू होते : क्लच सोडवणारं बेअरिंग. दाबून-सोडून काहीच फरक नाही : क्लच बहुधा निर्दोष, वर किंवा क्रँककडे शोधा. स्लो खूप खाली असेल तर सिंगल सिलिंडरच्या धक्क्यांनी चांगलं क्लचचं घरही खुळखुळतं, म्हणून आधी आरपीएम मॅन्युअलप्रमाणे करा.

चढावरची किणकिण

वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, रेस पिळली की काचेच्या गोट्या डब्यात हलवाव्यात तशी किणकिण. उभ्या गाडीत कितीही रेस द्या, येणार नाही. हा भाग झिजल्याचा आवाजच नव्हे. पेट्रोल वेळेआधी किंवा एकदम भडकून पेटतंय, त्याचा आहे. इग्निशन टायमिंग पुढे सरकलेलं, कार्बोरेटर दुबळं (पेट्रोल कमी, हवा जास्त असलेलं) मिश्रण देतोय, इनटेकच्या रबरातून हवा शिरतेय, किंवा पिस्टनवर कार्बनचा थर साठलाय. प्लगचं टोक पांढुरकं पडलं असेल तर मिश्रणापासून सुरुवात करा. तोवर चढावर गिअर उतरवून चालवा. ही किणकिण सोसत राहिल्यास पिस्टनला भोक पडू शकतं.

ऑइल काय बोलतं

भाग ठरवता येत नसेल तर ऑइल गरम असताना स्वच्छ, पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात हलवून पाहा. तळाशी राखाडी, मऊ गाळ जुन्या इंजिनात असतोच. चमचम दिसली तर चुंबक फिरवा. चिकटणारी चूर पोलादाची, म्हणजे बेअरिंग, गिअर, चेन. न चिकटणारी चंदेरी चूर ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टन, केस किंवा हेडमधली कॅमची बैठक. काळे, प्लास्टिकसारखे तुकडे टायमिंग चेनच्या पट्ट्यांचे. ऑइलची जाळी, आणि ज्या इंजिनात क्रँकच्या टोकाला फिरणारा फिल्टर असतो तिथे तोही उघडावा. आतल्या कडेला घट्ट बसलेला गाळ हा मागच्या कित्येक हजार किलोमीटरचा हिशेब असतो. बोटाच्या पेराला लागतील एवढे पोलादाचे पापुद्रे निघाले तर आवाज लहान असला तरी इंजिन उघडायचंच.

दुरुस्तीनंतर तपासणीही त्याच स्थितीत करा, ज्यात आवाज येत होता. सकाळचा होता तर रात्रभर थंड करून सकाळी, चढावरचा होता तर त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये. फोन आधीच्याच जागी ठेवून रेकॉर्ड करा आणि जुन्याशेजारी नवं ऐका. मी हे पहिल्या वेळी केलं असतं तर टॅपेट सेट केल्याच्या दुसऱ्याच सकाळी बेंड पाइपपाशी आवाज तसाच आहे हे ऐकू आलं असतं. मी गाडी तापलेली असताना ऐकली होती, आणि तोवर पॅकिंगची फट मिटलेली होती.